पावती आधी की नोंद आधी?
माहिती संगणकाच्या मेमरीत ठेवावी की डेटाबेसमध्ये, या तांत्रिक प्रश्नामागे दडलेला व्यवहार

विशेष प्रतिनिधी, नंदुरबार

शासकीय कार्यालयाच्या किंवा बँकेच्या खिडकीपाशी 'सर्व्हर डाऊन आहे, नंतर या' हे वाक्य ज्याने कधीच ऐकले नाही, असा नागरिक आज महाराष्ट्रात विरळाच. परत जावे लागल्याचा त्रास होतो, पण त्यात काही गमावले जात नाही. खरी हानी दुसऱ्याच प्रसंगी होते. खिडकीवरचा कर्मचारी नोंद घेतो, पावती देतो, माणूस निश्चिंत होऊन घरी जातो आणि पुढे केव्हातरी उघड होते की ती नोंद संगणकात नाहीच. हातात पावती आहे, पण तिच्यामागे काही उरलेले नाही.

असे का होते, याचे उत्तर आज्ञावली लिहिणाऱ्याने अगदी आरंभी घेतलेल्या एका निर्णयात अनेकदा सापडते. आज्ञावलीला लागणारी माहिती संगणकाच्या मेमरीत, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या जागेत ठेवायची की डेटाबेसमध्ये, म्हणजे कायमस्वरूपी आणि शिस्तबद्ध भांडारात, हा तो निर्णय होय. वरकरणी तो वेगाचा किंवा खर्चाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात कोणती माहिती हरवली तर चालेल आणि कोणती हरवून चालणार नाही, याचा तो विचार आहे.

मेमरी आणि तबकडी

संगणकात माहिती राहण्याच्या दोन मुख्य जागा असतात. पहिली मेमरी, म्हणजेच रॅम. तिच्यातील प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभार असतो. हा भार सतत गळत असल्यामुळे तो पुन:पुन्हा भरावा लागतो. प्रचलित मेमरीत हे काम साधारणत: दर ६४ मिलिसेकंदांनी एकदा होते. वीज गेली की भरणे थांबते आणि माहिती पुसली जाते. दुसरी जागा तबकडीची, मग ती फिरणारी हार्ड डिस्क असो वा अलीकडची एसएसडी. तेथे लिहिलेले वीज गेल्यावरही टिकते.

मग सारे काही तबकडीवरच का लिहू नये? त्याचे कारण वेग. मेमरीतून माहिती उचलण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या सुमारे हजारपट आणि फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. मेमरीतील शोधाला एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच मापाने एसएसडीला सुमारे १७ मिनिटे आणि हार्ड डिस्कला २७ तासांहून अधिक वेळ लागेल. टेबलावरची वही उघडणे आणि परगावच्या दप्तरखान्यातून बस्ता मागवणे, यांतील अंतराएवढेच हे अंतर आहे.

मेमरीत माहिती मांडण्याच्याही रीती आहेत. एक लाख नावांची यादी क्रम न लावता ठेवली, तर एक नाव शोधताना वाईट परिस्थितीत लाख वेळा तुलना करावी लागते. तीच यादी वर्णानुक्रमे लावली आणि दर वेळी मधोमध पाहत निम्मी वगळत गेलो, तर १७ तुलना पुरतात. नावावरूनच त्याच्या कप्प्याचा क्रमांक काढणारी 'हॅश' रचना केली, तर बहुधा एका झेपेत नाव सापडते. हे सारे आज्ञावली स्वत: मेमरीत करू शकते. त्यासाठी डेटाबेस लागत नाही.

कळसाडीतील दूध केंद्र : एक कल्पित उदाहरण

आता हा विचार व्यवहारात उतरवून पाहू. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी येथे एक दूध संकलन केंद्र आहे. उदाहरण कल्पित आहे, परंतु अशा केंद्रांचे काम ग्रामीण महाराष्ट्राला चांगले परिचित आहे. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध आणतात. वजन होते, फॅट आणि एसएनएफ मोजले जाते, दरपत्रकावरून लिटरचा दर ठरतो आणि पावती मिळते. दहा दिवसांनी बिल निघते.

या केंद्राच्या संगणकात तीन प्रकारची माहिती आहे. पहिला प्रकार दरपत्रकाचा. फॅट ३.० ते ८.० आणि एसएनएफ ८.० ते ९.५, दोन्ही ०.१ च्या टप्प्याने धरले, तर ५१ गुणिले १६ म्हणजे ८१६ दर होतात. हे दरपत्रक केंद्रावर कोणी बदलत नाही, त्याची मूळ प्रत संघाकडे असते आणि प्रत्येक मापाला ते लागते. आज्ञावली सुरू होताना ते एकदा वाचून मेमरीत मांडून ठेवावे. वीज गेली तर पुन्हा वाचता येईल. येथे प्रत्येक मापागणिक डेटाबेसचे दार ठोठावणे म्हणजे निष्कारण शीण होय.

दुसरा प्रकार बेरजांचा. आज किती लिटर दूध आले, म्हशीचे किती, गायीचे किती, हे आकडे मूळ नोंदींवरून केव्हाही पुन्हा काढता येतात. तेही मेमरीत ठेवण्यास हरकत नाही. फार तर वीज आल्यावर पुन्हा बेरीज करावी लागेल.

तिसरा प्रकार मात्र वेगळा. अमुक उत्पादकाने आज सकाळी साडेचार लिटर दूध दिले, फॅट ६.२ लागले, या नोंदीची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. दूध टाकीत मिसळले गेले. ते पुन्हा मोजता येणार नाही. ही नोंद मेमरीत राहिली आणि वीज गेली, तर उत्पादकाचे पैसे तिच्याबरोबर गेले. म्हणून तिची जागा डेटाबेसमध्येच, आणि तीही पावती छापण्यापूर्वी.

साऱ्या विषयाचा गाभा येथे आहे. पावती म्हणजे वचन. ज्या क्षणी केंद्र पावती देते, त्या क्षणापासून 'नोंद हरवली' असे म्हणण्याचा अधिकार त्याला उरत नाही. तेव्हा पावतीच्या मागची नोंद टिकाऊ जागी असलीच पाहिजे. बाकीची माहिती कोठे ठेवायची, ते सोयीने ठरवावे.

आकारमान हा निकष नव्हे

'आमची माहिती थोडीच आहे, मेमरीत मावते, मग डेटाबेस कशाला?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वरच्या केंद्रात २०० उत्पादक धरले, तर रोज ४०० आणि वर्षाला १ लाख ४६ हजार नोंदी होतील. एका नोंदीला १०० बाइट धरले, तरी वर्षाचा सारा हिशेब दीड कोटी बाइटच्या आत, म्हणजे १५ मेगाबाइटमध्ये बसतो. साध्या मोबाइलच्या मेमरीतही तो सहज मावेल. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार २९५ होती. प्रत्येकाची एक किलोबाइट माहिती धरली, तरी संपूर्ण जिल्हा पावणेदोन गिगाबाइटच्या आत बसतो.

तेव्हा मेमरीत माहिती मावते की नाही, हा आज बहुतेक ठिकाणी प्रश्नच राहिलेला नाही. ती तेथे सुरक्षित आहे का, एकाहून अधिक जणांना एकाच वेळी हाताळता येईल का आणि उद्या वेगळा प्रश्न विचारला तर उत्तर मिळेल का, हे खरे प्रश्न आहेत.

रोजकीर्द आणि खतावणी

डेटाबेस ही वचनबद्धता कशी पाळतो, हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याची गरज नाही. आपल्या पेढ्यांवरची जुनी पद्धत पुरेशी आहे. व्यवहार होताच मुनीम तो प्रथम रोजकीर्दीत क्रमाने लिहितो. नंतर सवडीने त्याची खतावणी होते, म्हणजे ज्याच्या-त्याच्या खात्यावर तो मांडला जातो. खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्द शाबूत असेल, तर हिशेब पुन्हा उभा करता येतो.

डेटाबेस हेच करतो. बदल प्रथम एका क्रमवार नोंदवहीत तबकडीवर लिहिला जातो, त्यानंतरच 'झाले' असा निरोप मिळतो. मुख्य तक्त्यांत तो सावकाश उतरतो. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस ती नोंदवही वाचून अपुरे काम पुरे करतो किंवा अर्धवट व्यवहार रद्द करतो. एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले, पण दुसऱ्यात जमा झाले नाहीत, अशी त्रिशंकू अवस्था तो राहू देत नाही.

महसूल दप्तरातही हीच शिस्त आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तो प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच त्याचा अंमल सातबाऱ्यावर येतो. सातबारा सद्य:स्थिती सांगतो. ती कशी आली, हे फेरफार सांगतो. संगणकशास्त्राने ज्याला पुढे वेगळी नावे दिली, त्या शिस्तीचे मर्म कागदी दप्तराला ठाऊक होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आज्ञावलीने फाइलमध्ये लिहिले म्हणजे ते लगेच तबकडीवर पोहोचतेच असे नाही. कार्यप्रणाली ते काही काळ स्वत:च्या मेमरीत राखून ठेवते आणि सोयीने उतरवते. 'आत्ताच उतरव' असा स्पष्ट आदेश द्यावा लागतो. चांगला डेटाबेस तो देतो. घाईने लिहिलेली आज्ञावली बहुधा विसरते आणि मग फाइल असूनही शेवटच्या काही नोंदी गायब होतात.

टेंभलीची पोचपावती

हे सारे याच जिल्ह्याने राष्ट्रीय पातळीवर पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. त्यासाठीची नोंदणी दुर्गम वस्त्यांत करायची, तर इंटरनेट सदैव मिळेल असे गृहीत धरणे शक्य नव्हते. म्हणून नोंदणीची आज्ञावली संपर्काविना चालेल अशी रचण्यात आली. छायाचित्र, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि नाव-पत्ता यांचे एक सांकेतिक पाकीट नोंदणी केंद्राच्या संगणकातच तयार होऊन साठवले जाते आणि नंतर मुख्य केंद्राकडे पोहोचते.

नागरिकाला त्याच वेळी पोचपावती मिळते. तिच्यावर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि दिनांक-वेळ दर्शवणारे आणखी १४ अंक असतात. ही पावती दिल्यावर पाकीट केवळ मेमरीत असून भागत नाही, हे उघड आहे. ठसे देऊन गेलेला मजूर उद्या त्याच गावी भेटेलच असे नाही. सातपुड्याच्या परिसरातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीला किंवा गुजरातेत कामाला जातात. त्यांची नोंद हरवली, तर 'पुन्हा या' हा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच महिने जातात.

या योजनेत आकारमानाचा प्रश्नही खरोखरच होता. एका व्यक्तीच्या पाकिटासाठी सुमारे ५ मेगाबाइट धरले, तर १२० कोटी लोकांसाठी ६ पेटाबाइट, म्हणजे ६० लाख गिगाबाइट जागा लागते, आणि तीही एकाच प्रतीची. असे भांडार मेमरीत ठेवण्याचा विचारही संभवत नाही. ते अनेक यंत्रांवर विभागलेल्या साठवणुकीत आणि डेटाबेसमध्येच ठेवावे लागते.

मेमरीचा विजय कोठे?

याचा अर्थ मेमरी दुय्यम, असा मात्र नव्हे. रेल्वेचे ई-तिकीट हे त्याचे ठळक उदाहरण. तत्काळची खिडकी उघडताच लाखो लोक एकाच वेळी गाड्या, वर्ग, जागा यांची चौकशी करतात. त्यांपैकी तिकीट काढणारे थोडे, विचारणारेच फार. आयआरसीटीसीची जुनी यंत्रणा मिनिटाला सुमारे २,००० तिकिटे हाताळू शकत असे. एप्रिल २०१४ मध्ये रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने उभारलेली नवी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा तिची क्षमता मिनिटाला ७,२०० तिकिटांची सांगण्यात आली. या नव्या रचनेत अनेक यंत्रांची मेमरी एकत्र जोडून तिच्यात माहिती राखणारी 'जेमफायर' ही प्रणाली वापरली गेली. आसनाचा अंतिम वाटा मात्र रेल्वेच्या मूळ आरक्षण प्रणालीकडेच राहिला. चौकशीसाठी मेमरी आणि वचनासाठी टिकाऊ नोंद, अशी ही विभागणी होती.

शेवटचे आसन दोघांना विकले जाऊ नये, यासाठीही अंतिम निर्णय एकाच जागी व्हावा लागतो. एका आज्ञावलीच्या मेमरीतील यादी दुसऱ्या यंत्रावरील आज्ञावलीला दिसत नाही. दोन खिडक्यांवर दोन यंत्रे आणि दोघांच्या मेमरीत 'एक आसन शिल्लक', अशी स्थिती आली की दोघेही तिकीट देतील आणि भांडण डब्यात होईल. डेटाबेस त्या आसनाला क्षणभर कुलूप लावतो. पहिल्याला ते मिळते, दुसऱ्याला नम्र नकार.

मेमरीतील प्रतीचा आणखी एक धोका शिळेपणाचा. समजा, एखाद्या संकेतस्थळाने सातबाऱ्याची प्रत वेगासाठी मेमरीत ठेवली आणि त्याच दिवशी फेरफार प्रमाणित झाला. जुनी प्रत दाखवली गेली, तर खरेदीदाराला जमिनीचा मालक पूर्वीचाच दिसेल. सिनेमाच्या वेळापत्रकात असा शिळेपणा खपून जाईल. जमिनीच्या व्यवहारात तो न्यायालयापर्यंत नेईल. म्हणून मेमरीतील प्रत किती काळ ग्राह्य मानायची, हे माहितीच्या स्वभावावरून ठरवावे लागते.

मधला मार्ग

मेमरी आणि मोठा डेटाबेस यांच्या मध्ये काही पर्याय आहेत. इटलीतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये लोकांपुढे आणलेली 'रेडिस' ही प्रणाली माहिती मेमरीत ठेवते, पण तिची प्रत तबकडीवरही उतरवू शकते. प्रत्येक बदल नोंदवहीत लिहिण्याचा पर्याय निवडला, तरी नेहमीच्या मांडणीत ती नोंदवही सेकंदातून एकदा तबकडीवर पक्की होते. म्हणजे अपघात झाल्यास शेवटच्या एका सेकंदाचे काम जाऊ शकते. संकेतस्थळाच्या वाचकसंख्येसाठी हे चालेल, बँकेच्या जमा-खर्चासाठी नाही.

लहान कामांसाठी 'एसक्यूलाइट' हा पर्याय अधिक उपयुक्त आहे. त्याची जन्मकथाही बोधप्रद आहे. अमेरिकेचे रिचर्ड हिप हे तेथील नौदलाच्या विनाशिकेसाठी आज्ञावली तयार करत होते. तिची माहिती एका मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर असे. सर्व्हर बंद असला की आज्ञावलीही हतबल होई आणि बोल मात्र तिलाच लागत. सर्व्हरच नको, साधी एक फाइल हाच डेटाबेस, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट जन्माला आला. आज तो कोट्यवधी मोबाइलमध्ये आहे. आपले संपर्क आणि संदेश अनेकदा त्याच्याच फाइलमध्ये असतात. व्यवहार पूर्ण किंवा मुळीच नाही, ही शिस्त तो लहान फाइलमध्येही पाळतो. कळसाडीसारख्या ठिकाणच्या केंद्राला सर्व्हर, संपर्क आणि देखभाल करणारा तंत्रज्ञ यांचा भार न घेता, टिकाऊ नोंदीचा लाभ असा घेता येतो.

निवड कशी करावी?

या साऱ्याचे सार चार प्रश्नांत सांगता येते. पहिला प्रश्न : ही माहिती नष्ट झाली तर दुसरीकडून पुन्हा मिळेल का? मिळत असेल तर मेमरी पुरे. दुसरा : तिच्या आधारे कोणाला पावती, क्रमांक किंवा होकार दिला जाणार आहे का? तसे असेल तर आधी टिकाऊ नोंद, मग होकार. तिसरा : तिला एकाच वेळी अनेक हात लागणार आहेत का? लागणार असतील तर कुलूप लावणारा डेटाबेस हवा. चौथा : उद्या हीच माहिती वेगळ्या बाजूने विचारली जाईल का? मेमरीतील रचना बहुधा एकाच प्रश्नासाठी बांधलेली असते. सभासद क्रमांकावरून चटकन उत्तर देणारी यादी 'गेल्या महिन्यात कोणाचे फॅट घटले?' या प्रश्नाला पूर्ण चाळावी लागते. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कोष्टकांच्या कल्पनेचे बळ याच ठिकाणी आहे. न योजिलेले प्रश्नही तिच्यात विचारता येतात.

वेगाचा प्रश्न या चौघांनंतर यावा. टिकाऊ आणि अचूक प्रणाली मंद ठरली, तर तिच्यापुढे मेमरीतील प्रत उभी करून ती वेगवान करता येते. वेगवान पण विसराळू प्रणालीने हरवलेली नोंद मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही.

नागरिकाला यातील तंत्र ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संघ किंवा गृहनिर्माण संस्था जेव्हा नवी संगणकप्रणाली विकत घेते, तेव्हा पदाधिकाऱ्यांनी विक्रेत्यासमोर एक साधी परीक्षा जरूर घ्यावी. एक नोंद करावी, पावती छापावी आणि पावती हाती येताच संगणकाची वीज बंद करावी. वीज पुन्हा आल्यावर ती नोंद जशीच्या तशी दिसली, तर पुढची बोलणी करावीत. न दिसल्यास प्रणाली कितीही देखणी, कितीही वेगवान असो, ती परत पाठवावी. शहरात राहणारा माणूस हरवलेल्या नोंदीसाठी दुसऱ्यांदा खेटा घालू शकतो. ज्याला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागते, त्याच्या बाबतीत पहिलीच नोंद शेवटची असते.